पेशींवरची परिटाची खूण

घरोघर धुलाईयंत्रे येण्यापूर्वी परीट गावातल्या वीस-पंचवीस घरांचे कपडे एकदम गोळा करून नेत असे. पांढरी धोतरे, पांढरे सदरे, पांढऱ्या चादरी. एकाचे धोतर दुसऱ्याच्या धोतरासारखेच! तरीही प्रत्येक घराचे कपडे तो वेगळे धूत बसत नसे. सगळे कपडे एकाच भट्टीत पडायचे, एकाच पाण्यात खळबळले जायचे, एकाच दोरीवर वाळायचे. आणि तरीही ज्याचे कपडे त्याच्या घरी बिनचूक पोचायचे. याचे रहस्य कपड्याच्या कोपऱ्यात असे. भट्टीत टाकण्यापूर्वीच परीट प्रत्येक कपड्याला बिब्ब्याच्या चिकाने एक लहानशी काळी खूण करी. प्रत्येक घराची खूण वेगळी. बिब्ब्याचा डाग साबणाने जात नाही आणि सोड्यानेही जात नाही.

या साध्या पद्धतीत तीन फायदे होते. पहिला, श्रम आणि सरपण यांची बचत. दुसरा, सर्व कपड्यांना अगदी सारखी उष्णता आणि सारखे पाणी मिळे. त्यामुळे एखादे धोतर पिवळट निघाले तर दोष भट्टीचा नाही, धोतराचाच, हे उघड होई. आणि तिसरा, दोन घरांचे कपडे एकमेकांत गुंतून एकच बोचके झाले, तर दोन वेगळ्या खुणा दिसून घोटाळा लगेच ध्यानात येई.

गेल्या काही वर्षांत जीवशास्त्रज्ञांनी नेमकी हीच युक्ती सजीवांच्या पेशींसाठी वापरली आहे. फरक इतकाच, की इथे कपड्यांऐवजी हजारो पेशी आहेत आणि बिब्ब्याऐवजी डी.एन.ए.चा एक आखूड तुकडा आहे. ही खूण कशी लावतात, कशी वाचतात आणि मुख्य म्हणजे ती लावण्याची गरज का पडली, ते आपण पाहू.

एकेक पेशी कशासाठी तपासायची?

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात तेच ते डी.एन.ए. असते. मग यकृताची पेशी यकृताचे काम करते आणि मेंदूची पेशी मेंदूचे, असे का? कारण प्रत्येक पेशी या प्रचंड ग्रंथातील मोजकीच पाने उघडते. जे जनुक कामाला लागते, त्याची एक नक्कल तयार होते. तिला संदेशवाहक आर.एन.ए. म्हणतात. या संदेशानुसार पेशी प्रथिने बनवते. म्हणजे एखाद्या क्षणी पेशी काय करत आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर तिच्यात कोणते संदेश किती आहेत ते मोजावे लागते.

पूर्वी हे मोजण्यासाठी लाखो पेशी एकदम फोडून त्यांचे सगळे आर.एन.ए. एकत्र करत. त्यातून सरासरी तेवढी कळे. सरासरी कशी फसवते ते तुम्हाला ठाऊकच आहे. एका वर्गातील निम्म्या मुलांना ९० गुण मिळाले आणि निम्म्यांना १०, तर वर्गाची सरासरी ५० येते. पण ५० गुण मिळालेला एकही विद्यार्थी त्या वर्गात नसतो! रक्ताच्या एका थेंबात टी पेशी, बी पेशी, एककेंद्रकी पेशी अशा नाना प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगात त्यांपैकी नेमकी कोणती बिघडली, हे सरासरीवरून कसे कळावे?

म्हणून एकेका पेशीतील संदेश वेगळे वाचायला हवेत. हे काम फार नाजूक आहे. एका पेशीत आर.एन.ए. असते ते साधारण १० ते ३० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! त्यातही संदेशवाहक आर.एन.ए. शेकडा काही टक्केच. तरीही २००९ साली केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी उंदराच्या भ्रूणातील एका पेशीचे संदेश वाचून दाखवले. पण एकेक पेशी हाताने वेचून हजारो पेशी कधी वाचून होणार?

थेंब, मणी आणि पहिली खूण

यावर २०१५ साली अमेरिकेत बोस्टन येथील हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातील दोन गटांनी एकाच वेळी उपाय प्रसिद्ध केला. दोन्ही पद्धतींचा गाभा एकच आहे. केसासारख्या अरुंद नळ्यांतून पेशी असलेले पाणी आणि तेल असे दोन प्रवाह एकत्र आणले, की तेलात पाण्याचे एकसारखे बारीक थेंब तुटत जातात. यांपैकी एका पद्धतीत थेंबाचा व्यास सुमारे १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा असतो. प्रत्येक थेंब म्हणजे एक चिमुकली परीक्षानळीच. काही थेंबांत एखादी पेशी शिरते. त्याच वेळी दुसऱ्या नळीतून आलेला एक सूक्ष्म मणीही त्या थेंबात शिरतो.

या मण्यावर डी.एन.ए.चे कोट्यवधी आखूड धागे उगवलेले असतात. प्रत्येक धाग्यावर त्या मण्याचा स्वतःचा संकेत लिहिलेला असतो. डी.एन.ए.ची लिपी चार अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. संकेत १२ अक्षरांचा असेल तर किती वेगळे संकेत होतील? ४ चा १२ वा घात, म्हणजे १,६७,७७,२१६. एका मण्यावरील सर्व धाग्यांचा संकेत एकच, पण दुसऱ्या मण्याचा वेगळा.

धाग्याच्या टोकाला टी या अक्षराची लांब माळ असते. संदेशवाहक आर.एन.ए.च्या शेपटाला ए या अक्षराची माळ असते. ए आणि टी यांची जोडी जमते हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. थेंबात पेशी फुटली, की तिचे संदेश शेपटांनी मण्याच्या धाग्यांना चिकटतात. मग एका विकराच्या साहाय्याने प्रत्येक संदेशाची डी.एन.ए.-प्रत तयार करतात. मण्याचा संकेत त्या प्रतीच्या टोकाला कायमचा जोडला जातो. आता थेंब मोडून सगळे एकत्र केले तरी बिघडत नाही. यंत्राने प्रत्येक प्रत वाचली, की संकेतावरून ती कोणत्या थेंबातली हे कळते.

ही झाली पहिली खूण. पण ती थेंबाची आहे. थेंबातली पेशी कोणत्या माणसाची, हे ती सांगत नाही.

जोडपेशींचा घोटाळा

या पद्धतीत एक धोका दडलेला आहे. पेशी थेंबात रांगेने शिरत नाहीत. पाऊस पडताना फरशांवर थेंब पडावेत तशा योगायोगाने शिरतात. एखाद्या थेंबात दोन पेशी शिरल्या तर? दोघींच्या संदेशांना एकच संकेत मिळेल आणि यंत्राला ती एकच पेशी वाटेल. एक टी पेशी आणि एक बी पेशी अशा एकत्र आल्या, तर दोघींचे गुण असलेली, निसर्गात नसलेलीच एक ‘नवी पेशी’ शोधल्याचा भ्रम होईल!

असे किती वेळा घडेल याचे गणित फ्रेंच गणिती पॉयसाँ यांनी १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सापडते. १००० थेंबांमागे १०० पेशी सोडल्या, तर सुमारे ९०५ थेंब रिकामे राहतात, ९० थेंबांत एकेक पेशी येते आणि सुमारे ५ थेंबांत दोन किंवा अधिक पेशी येतात. म्हणजे पेशी असलेल्या ९५ थेंबांपैकी ५ खोटे, शेकडा सुमारे ५. आता घाई करून १००० थेंबांमागे ३०० पेशी सोडू. रिकामे थेंब ७४१, एका पेशीचे २२२ आणि अधिक पेशींचे ३७. पेशी तिप्पट सोडल्या. चांगले थेंब जेमतेम अडीचपट झाले, पण खोटे थेंब जवळजवळ आठपट झाले! पेशी असलेल्या थेंबांपैकी शेकडा १४ खोटे, आणि ते कोणते हे ओळखायचे साधन नाही. म्हणून शास्त्रज्ञांना पेशी विरळ सोडाव्या लागत. बहुतेक थेंब आणि बहुतेक मणी वाया जात.

खरा फरक की दिवसाचा फरक?

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. समजा, ज्वारीच्या दोन वाणांपैकी कोणते वाण चांगले हे एका शेतकऱ्याला ठरवायचे आहे. त्याने एक वाण काळ्या कसदार जमिनीत पेरले आणि दुसरे मुरमाड माळावर. पहिल्याचे पीक जास्त आले. यावरून पहिले वाण चांगले असे म्हणता येईल का? मुळीच नाही. फरक वाणाचा की जमिनीचा, हे सांगताच येणार नाही. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम करताना रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात या प्रश्नाचा खोल विचार केला. शेताचे लहान लहान पट्टे पाडावेत आणि प्रत्येक पट्ट्यात सर्व वाणे पेरावीत, हा त्यांचा उपाय आजही शेतीच्या प्रयोगांत वापरला जातो.

पेशींच्या प्रयोगात ‘जमीन’ म्हणजे प्रयोगाची फेरी. सोमवारी रोग्यांच्या रक्तपेशी यंत्रात घातल्या आणि गुरुवारी निरोगी माणसांच्या. सोमवारी खोली थंड होती, गुरुवारी गरम. विकराची बाटली बदलली. पेशी अर्धा तास जास्त थांबल्या. अशा बारीकसारीक गोष्टींनीही संदेशांचे आकडे बदलतात. मग दिसलेला फरक रोगाचा की वाराचा?

हे केवळ तर्काने काढलेले भय नाही. २०१४ साली अमेरिकेतील एका मोठ्या संशोधनगटाने माणूस आणि उंदीर यांच्या अनेक अवयवांतील संदेशांची तुलना प्रसिद्ध केली. तिच्यातून मोठा चमत्कारिक निष्कर्ष निघत होता: एकंदर संदेशांच्या बाबतीत उंदराचे अवयव माणसाच्या त्याच अवयवांपेक्षा उंदराच्याच इतर अवयवांशी अधिक जुळतात! २०१५ साली शिकागोचे योआव्ह गिलाद आणि ओर्ना मिझराही-मान यांनी यंत्राच्या फेऱ्यांची नोंद तपासली. त्यांना आढळले, की बहुतेक फेऱ्यांत एक तर केवळ माणसाचे नमुने होते किंवा केवळ उंदराचे. फेरीमुळे येणारा फरक गणिताने वजा करताच यकृत यकृताशी आणि हृदय हृदयाशी जुळू लागले. मूळ गटाला हे मान्य झाले नाही आणि दोन्ही बाजूंनी वाद झाला. ते नमुने एकेका पेशीचे नव्हते, अख्ख्या अवयवांचे होते. पण मुद्दा तोच आहे. मांडणीतच प्राणी आणि फेरी एकत्र बांधले गेले होते. एकदा असे झाले, की मागाहून कितीही हुशार गणित केले तरी शंका पुरती मिटत नाही.

उपाय उघड आहे. सगळ्यांच्या पेशी एकाच भांड्यात, एकाच दिवशी, एकाच फेरीत. पण मग त्या ओळखायच्या कशा? इथे परिटाची खूण उपयोगी पडते.

आधी खूण, मग मिसळ

२०१८ साली न्यूयॉर्क येथील जीनोम केंद्रातील मार्लन स्टोकियस, पीटर स्मायबर्ट, राहुल सतीजा आणि त्यांचे सहकारी यांनी अशी एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी आठ व्यक्तींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घेतल्या आणि त्या आठ नळ्यांत ठेवल्या.

बिब्ब्याचे काम त्यांनी प्रतिपिंडांकडून करून घेतले. प्रतिपिंडे म्हणजे शरीर रोगजंतूंविरुद्ध तयार करते ती प्रथिने. एक प्रतिपिंड एकाच प्रकारच्या लक्ष्याला घट्ट चिकटते, हा त्याचा विशेष गुण. शास्त्रज्ञांनी अशी प्रतिपिंडे निवडली, की ज्यांचे लक्ष्य जवळजवळ सर्वच पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर असते. म्हणजे कोणतीही पेशी खुणेवाचून सुटू नये. मग या प्रतिपिंडांना डी.एन.ए.चा एक आखूड तुकडा जोडला. पहिल्या नळीसाठी एका अक्षरक्रमाचा तुकडा, दुसऱ्या नळीसाठी दुसऱ्या, अशा आठ वेगळ्या खुणा तयार झाल्या.

खूण लावून झाली, की पेशी पुनःपुन्हा धुवायच्या. यामुळे न चिकटलेली प्रतिपिंडे वाहून जातात. आणि मग आठही नळ्यांतील पेशी एकाच भांड्यात मिसळून टाकायच्या!

आता त्या थेंबांत काय होते पाहा. खुणेच्या तुकड्याच्या टोकालाही ए या अक्षराची माळ मुद्दाम ठेवलेली असते. त्यामुळे मण्याचा धागा पेशीचे संदेश जसे पकडतो, तशीच तिच्या अंगावरची खूणही पकडतो. दोघांवरही त्याच मण्याचा संकेत चढतो. यंत्राने वाचन केले, की प्रत्येक संकेताखाली दोन प्रकारची माहिती मिळते: पेशी काय करत होती आणि ती कोणाची होती.

आता जोडपेशींकडे वळू. एका थेंबात तिसऱ्या आणि सातव्या व्यक्तीच्या पेशी एकत्र आल्या, तर त्या संकेताखाली दोन खुणा सापडतात. गुंतलेले बोचके सापडले! असा थेंब हिशेबातून काढून टाकायचा. दोन्ही पेशी एकाच व्यक्तीच्या असतील तर मात्र खूण एकच दिसेल आणि घोटाळा लपून राहील. पण असे किती वेळा होईल? आठ व्यक्तींच्या पेशी समप्रमाणात मिसळल्या, तर पहिली पेशी कोणाचीही असो, दुसरी त्याच व्यक्तीची असण्याची शक्यता १/८. म्हणजे आठपैकी सात जोड्या पकडल्या जातात. इतकेच नव्हे, पकडलेल्या जोड्या ७०० असतील तर लपलेल्या सुमारे १०० असणार, हेही मोजता येते. न दिसणाऱ्या चुकीचा असा अंदाज बांधता येणे ही विज्ञानात मोठी गोष्ट आहे.

मघाचा हिशेब आता पुन्हा करू. १००० थेंबांमागे ३०० पेशी सोडल्या तेव्हा ३७ खोटे थेंब झाले होते. त्यांपैकी सात-अष्टमांश, म्हणजे सुमारे ३२ पकडले गेले. उरले ५. चांगले थेंब २२२. म्हणजे आता खोटे शेकडा दोनच! खुणेशिवाय विरळ पेशी सोडून ९० चांगल्या थेंबांमागे ५ खोटे होते. खुणेसह दाट पेशी सोडून २२२ चांगल्यांमागे ५. पेशी जास्त, खर्च कमी आणि माहिती अधिक शुद्ध.

खुणांचे आणखी प्रकार

प्रत्येक कपड्यावर बिब्बा चालत नाही. प्रतिपिंडांचीही तीच गोष्ट. माणसाच्या पेशीला चिकटणारे प्रतिपिंड उंदराच्या किंवा माशाच्या पेशीला चिकटेलच असे नाही. म्हणून २०१९ साली सॅन फ्रान्सिस्को येथील शास्त्रज्ञांनी मेदाची शेपटी असलेले डी.एन.ए.चे तुकडे वापरले. पेशीचे आवरण मुख्यतः मेदाचे असल्याने ही शेपटी त्यात आपोआप रुतून बसते, मग पेशी कोणत्याही प्राण्याची असो. २०२० साली सिएटल येथील गटाने पेशीच्या केंद्रकांवर साधे डी.एन.ए.चे तुकडे चिकटवले. कर्करोगाच्या तीन प्रकारच्या पेशींवर १८८ द्रव्ये वेगवेगळ्या मात्रांत वापरून त्यांनी सुमारे ५,००० नमुने तयार केले आणि सुमारे ६,५०,००० पेशी एकाच प्रयोगात वाचल्या. एवढे नमुने वेगवेगळे वाचणे कोणत्याही प्रयोगशाळेला परवडले नसते.

सर्वांत मौजेची खूण मात्र निसर्गानेच लावून ठेवली आहे. दोन माणसांच्या डी.एन.ए.मध्ये साधारणपणे हजार अक्षरांमागे एक अक्षर वेगळे असते. हे फरक संदेशांतही उतरतात. प्रत्येक व्यक्तीचे डी.एन.ए. आधी तपासलेले असेल, तर पेशीतील संदेश वाचतानाच ती कोणाची हे ओळखता येते. बाहेरून खूण लावावीच लागत नाही! २०१८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी आठ व्यक्तींच्या मिसळलेल्या पेशींवर ही पद्धत वापरली. ६४ व्यक्तींपर्यंतच्या मिसळीतही प्रत्येक पेशीत फरकाच्या ५० जागा वाचता आल्या, तर शेकडा ९७ एकेरी पेशी योग्य माणसाच्या नावावर लावता येतात, असे त्यांनी संगणकावर दाखवले. न्यूयॉर्कच्या गटानेही आपल्या आठ व्यक्तींच्या पेशी या दुसऱ्या पद्धतीने पडताळून पाहिल्या. प्रतिपिंडाची खूण आणि निसर्गाची खूण यांनी बहुतेक सर्व पेशींबाबत एकच उत्तर दिले. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, की विश्वास वाढतो.

आशियातील लोकांच्या रक्तपेशींचा एक नकाशा २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारत, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंड या देशांतील ६०० हून अधिक निरोगी व्यक्तींच्या १२ लाखांवर पेशी आहेत. अनेक व्यक्तींच्या पेशी एकत्र मिसळून मग त्यांच्या नैसर्गिक फरकांवरून वेगळ्या करण्याची हीच रीत त्यातही वापरली आहे.

पण निसर्गाची खूण सगळीकडे चालत नाही. एकसारखी जुळी भावंडे, प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या एकाच वंशात वाढवलेले उंदीर, किंवा एकाच रोग्याचे औषधापूर्वीचे आणि औषधानंतरचे रक्त यांत डी.एन.ए. सारखेच असते. तिथे बिब्बाच हवा!

खूण कुठे फसते?

खूण लावली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे मात्र नाही. कच्चा रंग जसा पाण्यात उतरून दुसऱ्या कपड्याला लागतो, तशी सुटलेली प्रतिपिंडे पाण्यात तरंगत राहून भलत्याच थेंबात शिरतात. म्हणून धुणे काळजीपूर्वक करावे लागते. एखाद्या संकेताखाली एक खूण ८०० वेळा आणि दुसरी ६ वेळा सापडली, तर दुसरी ही तरंगती खूण समजायची. दोन्ही शेकड्यांनी सापडल्या तर जोडपेशी. सीमारेषा कुठे आखायची हे प्रत्येक प्रयोगात आकडे पाहून ठरवावे लागते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. मिसळल्यानंतर सर्वांना सारखी वागणूक मिळते, मिसळण्यापूर्वीची नाही. एकाचे रक्त ताजे आणले आणि दुसऱ्याचे चार तास टेबलावर राहिले, तर तो फरक मिसळीने पुसला जात नाही.

तिसरी गोष्ट मांडणीची. व्यक्ती पुष्कळ असतील तर एका भांड्यात सर्व मावत नाहीत, दोन-चार भांडी करावी लागतात. अशा वेळी पहिल्या भांड्यात सगळे रोगी आणि दुसऱ्या भांड्यात सगळे निरोगी असे केले, तर सगळी मेहनत फुकट! आपण पुन्हा काळ्या जमिनीवर आणि माळावर आलो. प्रत्येक भांड्यात दोन्ही गटांतील व्यक्ती हव्यात.

आणि शेवटची गोष्ट अगदी साधी. कोणत्या नळीला कोणती खूण लावली, याची वहीतली नोंद. तिथे तीन आणि चार यांची अदलाबदल झाली, तर लाखो रुपयांचे यंत्र ती चूक दाखवू शकत नाही. ते निष्ठेने चुकीचेच उत्तर देईल.

करून पाहा

हा प्रयोग वर्गात करता येईल. १ ते ४० आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवा आणि फळ्यावर ४० चौकटी काढा. चौकट म्हणजे थेंब. आता ६ हरभरे आणि ६ वाटाणे घ्या. ही झाली दोन व्यक्तींच्या पेशींची मिसळ. प्रत्येक दाण्यासाठी एक चिठ्ठी उचला, त्या आकड्याच्या चौकटीत दाण्याची खूण करा आणि चिठ्ठी डब्यात परत टाकून डबा हलवा. बारा दाणे झाले, की एकाच चौकटीत आलेल्या जोड्या मोजा. (एका चौकटीत तीन दाणे आले तर त्या तीन जोड्या धरा.) हरभरा-वाटाणा अशी मिश्र जोडी म्हणजे पकडलेला घोटाळा, दोन हरभरे किंवा दोन वाटाणे म्हणजे लपलेला.

असे वीस वेळा करा. एकूण जोड्या ३३ च्या आसपास येतील. बारा दाण्यांच्या ६६ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी एकाच चौकटीत येण्याची शक्यता १/४०; म्हणून दर खेपेस सरासरी १.६५. त्यांपैकी मिश्र जोड्या १८ च्या जवळपास असाव्यात, कारण एक दाणा उचलल्यावर उरलेल्या ११ पैकी ६ दुसऱ्या जातीचे असतात.

मग तीन हरभरे, तीन वाटाणे, तीन चवळ्या आणि तीन राजमे घेऊन हेच पुन्हा करा. एकूण जोड्या तेवढ्याच येतील, पण पकडलेल्या जोड्या सुमारे २७ पर्यंत वाढतील. असे का होते, हे कागदावर मांडून पाहा. तुमचे आकडे या अंदाजाशी तंतोतंत जुळणार नाहीत; थोडे मागेपुढे होतील. तेही वहीत जसेच्या तसे लिहून ठेवा. दोन गटांनी वेगवेगळ्या दिवशी केलेल्या प्रयोगांचे आकडे किती वेगळे येतात ते पाहिले, म्हणजे तुलना करायची असेल तर सर्वांना एकाच भांड्यात का घालावे लागते, हे तुमच्या तुम्हालाच पटेल.